दर्या आणि दऱ्या

गतवर्षीच्या वार्षिक अंकात आमच्या शाळेच्या पचमढी-सहलीचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. सातपुड्याच्या खोल दऱ्या पाहून सर्व जण स्तब्ध झाले, असे लेखिकेने आपल्या हस्तलिखितात लिहिले होते. छापील अंकात मात्र ‘सातपुड्याच्या खोल दर्या’ असे शब्द उमटले. दर्या म्हणजे समुद्र, हे मराठी घरात कोणास सांगावयास नको. स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी आम्हांस हसत हसत विचारले, “काय हो, पचमढीस बंदर केव्हा झाले?” आम्हीही हसलो, परंतु नंतर तो अंक पुन्हा उघडून पाहिला तेव्हा हसू मावळले. अंकाच्या पूर्वार्धात ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘गाणाऱ्या’ हे सर्व शब्द शुद्ध होते. उत्तरार्धात त्यांपैकी एकही शुद्ध नव्हता.

कारण शोधावयास फार दूर जावे लागले नाही. अंकाची अक्षरजुळणी आम्ही विद्यार्थीच शाळेच्या संगणकावर करतो. त्या वर्षी दहावीतील एक मित्र हे काम मोठ्या हौसेने करीत असे. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली व तो गाव सोडून गेला. उरलेली पाने आम्ही इतरांनी कशीबशी पुरी केली. ‘ऱ्या’ हे अक्षर कसे उमटवावयाचे, हे त्यास एकट्यासच ठाऊक होते. त्याने ते लपवून ठेवले होते असे मुळीच नव्हे. आम्ही कधी विचारले नाही आणि त्याने कोठे लिहून ठेवले नाही, इतकेच. तो गेला, आणि ती लहानशी विद्याही त्याच्या सामानाबरोबर गाडीत बसून गेली.

यंदा अंकाचे काम हाती घेताना आम्ही त्यास दूरध्वनी केला. त्याने दोन मिनिटांत सर्व समजावून दिले. आमचे काम भागले. परंतु लगेच मनात विचार आला की, आम्हीही उद्या शाळा सोडून जाणार. मग पुढील अंकात पुन्हा पचमढीस समुद्र येणार नाही कशावरून? म्हणून आम्ही ठरविले की, या विषयावर मराठीतून एक दृक्श्राव्य पाठ तयार करावयाचा, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष कृती दिसेल व तिच्याबरोबर समजावून सांगणारा आवाज ऐकू येईल, अशी छोटी चित्रफीत. हे काम करताना आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ज्ञान एकाच माणसापाशी राहिले तर ते त्याच्याबरोबर जाते, ही गोष्ट आमच्या ग्वाल्हेरास नवी नाही. हे गाव गाण्याचे. येथील ख्यालगायकीची कीर्ती सर्व हिंदुस्थानभर पसरली आहे. परंतु जुन्या काळी चीज शिकावयाची तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून, त्याची मर्जी राखून शिकावी लागे. गुरूने एखादी बंदिश दिली नाही तर ती त्याच्याबरोबरच संपे. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांस व पंडितांस विनवून अशा बंदिशी मिळविल्या आणि त्या स्वरलिपीत लिहून प्रसिद्ध केल्या. त्यांची लिपी अगदी साधी आहे. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र स्वराच्या खाली टिंब, तार स्वराच्या वर टिंब. एवढ्या खुणा कळल्या की, सामान्य विद्यार्थ्यासही चिजेचा सांगाडा वाचता येतो. महाराज माधवराव शिंदे यांनी भातखंड्यांच्या साहाय्याने १९१८ साली ग्वाल्हेरीत माधव संगीत महाविद्यालय स्थापन केले, आणि जी विद्या मोजक्या घरांत नांदत होती ती वर्गात येऊन बसली. ग्वाल्हेरचे राजाभैया पूँछवाले यांच्यासारख्या मुरलेल्या गवयांनीही भातखंड्यांची ही पद्धती आत्मसात केली होती. जाणत्याने खाली बसून नवख्यासाठी खुणा शिकणे, यात त्यांस कमीपणा वाटला नाही.

आता संगणकाकडे वळू. ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही हा अंक जुळवितो, ते लिब्रेऑफिस नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ ‘फुकट’ असा नव्हे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची मालिका. ती मूळ आज्ञावली कोणासही वाचता यावी, गरजेप्रमाणे बदलता यावी, आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्यास देता यावी, अशी परवानगी जेथे कर्त्यानेच दिलेली असते, ते मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या तत्त्वावर ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. लिब्रेऑफिस हे २०१० साली ओपनऑफिस या आधीच्या मुक्त सॉफ्टवेअरपासून वेगळे निघाले. तेही अशाच एका मोठ्या समुदायाच्या श्रमांवर चालते.

परंतु केवळ दार उघडे आहे म्हणून घरात सर्वांस वावरता येतेच असे नाही. आज्ञावली उत्तम असली आणि ती वापरावी कशी हे सांगणारे कोणी नसले, तर नवखा मनुष्य उंबरठ्यावरच थबकतो. स्टॉलमन यांनी स्वतःच पुढे लिहिले की, मुक्त सॉफ्टवेअरमधील मोठी उणीव आज्ञावलींची नसून चांगल्या व मुक्त मार्गदर्शक पुस्तिकांची आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यास मान मिळतो. ती समजावून देणाऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणूनच या क्षेत्रात विद्यार्थ्यांस करण्याजोगे काम पुष्कळ आहे. आज्ञावली लिहिण्यास बरीच तयारी लागते. पण जे आपणांस काल कळले ते आज दुसऱ्यास सांगावयास प्रामाणिकपणा व थोडी चिकाटी एवढेच भांडवल पुरते.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखविले ते मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने, म्हणजेच आय. आय. टी. मुंबईने. तेथील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्यासाठी भारत सरकारने जे राष्ट्रीय अभियान २००९ साली सुरू केले, त्याचे साहाय्य या प्रकल्पास लाभले. लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब, लाटेक, पायथन अशा अनेक मुक्त सॉफ्टवेअरांचे पाठ त्यात आहेत. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्यावरील चित्र तेच ठेवून आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलेला असतो. पाठ अशा बेताने रचलेले असतात की, शिक्षक जवळ नसला तरी विद्यार्थ्यास एकट्यास शिकता यावे. पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ लावावयाचा व दुसऱ्या अर्ध्या भागात तेच सॉफ्टवेअर उघडावयाचे. एक कृती पाहावयाची, पाठ थांबवावयाचा, ती कृती स्वतः करावयाची, आणि मग पुढे जावयाचे.

या पाठांची घडण आम्ही बारकाईने पाहिली. आरंभी आज काय शिकावयाचे ते सांगितलेले असते. त्यानंतर कोणती संगणक-प्रणाली व सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे आणि आधी काय येत असले पाहिजे, याचा उल्लेख येतो. मग प्रत्यक्ष कृती, शेवटी सारांश व स्वाध्याय. हे सर्व ध्वनिमुद्रणापूर्वी लिहून काढलेले असते. कागदाचे दोन रकाने करून एकात पडद्यावर काय दिसेल ते, व दुसऱ्यात त्याच वेळी काय बोलावयाचे ते लिहितात. हे लिखाण विषय जाणणारा तपासतो. पण त्याबरोबरच तो विषय मुळीच न जाणणाराही तपासतो! नवख्याने ते वाचून, त्याप्रमाणे करून पाहावयाचे, आणि जेथे अडेल तेथे खूण करावयाची. पंडिताने तपासणे आपण नेहमी पाहतो. अजाणाने तपासणे ही कल्पना आम्हांस नवी होती. तिचे मोल आम्हांस लवकरच कळले.

आमचा पाठ ‘दऱ्या’ या शब्दाचा. आमच्या संगणकावर ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची मांडणी आहे. तीत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे येतात. कळांवर छापलेली अक्षरे मात्र इंग्रजी आहेत. ‘ओ’ या इंग्रजी अक्षराच्या कळेवर ‘द’ उमटतो, ‘जे’च्या कळेवर ‘र’, ‘डी’च्या कळेवर हलन्ताची खूण, तिरक्या रेघेच्या कळेवर ‘य’, आणि ‘ई’च्या कळेवर काना. या पाच कळा क्रमाने दाबल्या की, ‘दर्या’ असा शब्द होतो. रफार ‘या’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘दऱ्या’ हवे असेल तर दुसरी कळ दाबताना शिफ्टची कळ दाबून धरावयाची. म्हणजे साध्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो, आणि पुढे हलन्त व ‘य’ जोडताच ते टिंब नाहीसे होऊन आपला ओळखीचा अर्धा ‘र’ उमटतो. समुद्र आणि दरी यांत अंतर काय ते एका शिफ्टचे! आचार्यांना नमस्कार करावयाचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगावयाचे, हा भेदही याच एका कळेवर अवलंबून आहे. हिंदीत हे अक्षर नसल्यामुळे हिंदीतील पाठांत याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. मराठी माणसाची ही अडचण मराठी माणसानेच सोडविली पाहिजे.

आम्ही मोठ्या उत्साहाने पाठ लिहिला. तो चौदा मिनिटांचा झाला. त्यात संगणकाचा इतिहास होता, देवनागरीची थोरवी होती, शुद्धलेखनावर चार उपदेशाचे शब्दही होते. तपासण्यासाठी सातवीतील एका विद्यार्थिनीस बोलाविले. तिने यापूर्वी संगणकावर मराठीत एक अक्षरही लिहिले नव्हते. आम्ही तिच्या मागे बसलो आणि आपसांत नियम केला की, काहीही झाले तरी बोलावयाचे नाही व हात पुढे करावयाचा नाही. हा नियम पाळणे किती कठीण, हे ज्याने पाळून पाहिला असेल त्यासच कळेल.

पहिली चार मिनिटे तिने काहीच केले नाही, कारण करण्यासारखे काही सांगितलेच नव्हते. नंतर वाचणाऱ्याने म्हटले, “आता ओ दाबा.” ती कळफलकावर देवनागरी ‘ओ’ शोधू लागली. पुढे आले, “मग जे दाबा.” तिने मान वळवून विचारले, “जे म्हणजे कोणते?” आम्ही इंग्रजी अक्षराविषयी बोलत होतो, तिच्या कानांस ते मराठीतील ‘जे’ वाटले, आणि वाक्य अर्धेच राहिले असे तिला वाटून ती पुढील शब्दाची वाट पाहत राहिली. “ई दाबा” येथे तर तिने सरळ दीर्घ ‘ई’ उमटविली. शेवटी “नेहमीप्रमाणे जतन करा” असे शब्द आले. ती शांतपणे म्हणाली, “मी नेहमी करीत नाही.”

या एका वाक्याने आमचा अर्धा गर्व उतरला. ‘नेहमीप्रमाणे’, ‘साहजिकच’, ‘हे तर सोपेच आहे’ हे शब्द बोलणाऱ्यास निरुपद्रवी वाटतात. ऐकणाऱ्यास मात्र ते सांगतात की, इतरांस येते आणि तुला तेवढे येत नाही. आम्ही ते सर्व काढून टाकले. इतिहास गेला, थोरवी गेली, उपदेश गेला. ‘ओ दाबा’ याऐवजी ‘ज्या कळेवर इंग्रजी ओ हे अक्षर छापले आहे ती कळ दाबा’ असे लिहिले, आणि ती कळ पडद्यावर ठळक दाखविली. पाठ सहा मिनिटांवर आला. दुसऱ्या खेपेस त्याच विद्यार्थिनीने नव्हे, तर तिच्या एका वर्गमैत्रिणीने तो पाहिला. कारण पहिली आता नवखी उरली नव्हती. या मैत्रिणीने कोणासही न विचारता ‘दऱ्या’ लिहिले, आणि मग आपण होऊन ‘पायऱ्या’, ‘नवऱ्या’, ‘कैऱ्या’ असे शब्द एकाखाली एक लिहीत गेली.

ध्वनिमुद्रणाचे कामही वाटते तितके सोपे नाही. आवाज मुद्रित करण्यासाठी आम्ही ‘ऑडॅसिटी’ व पडद्यावरील चित्र टिपण्यासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ वापरले. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरच आहेत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून खोलीत बसणे अशक्य, आणि पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात वादळासारखा ऐकू येतो. म्हणून आम्ही जानेवारीतील सकाळची वेळ निवडली. तरी एकदा शाळेची घंटा, एकदा रस्त्यावरील भोंगा असे पाहुणे आत आलेच. यातून जे नियम आम्ही बांधले, ते पुढे येणाऱ्यांसाठी येथे देतो.

एका पाठात एकच गोष्ट शिकवावी. बोलण्यापूर्वी सर्व लिहून काढावे व मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांस जे वाक्य सुबक दिसते ते जिभेस अवजड होऊ शकते. पडद्यावरील अक्षरे मोठी करावीत, कारण पुष्कळ घरांत हे पाठ भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर पाहिले जातात. मुद्रणापूर्वी पडद्यावरून खाजगी चित्रे, पत्रे व नावे दूर करावीत. प्रत्येक सूचनेनंतर क्षणभर थांबावे, म्हणजे पाहणाऱ्यास पाठ थांबविण्यास उसंत मिळते. माऊस उगाच फिरवू नये. जेथे दाखवावयाचे तेथेच न्यावा. बोललेले शब्द चित्राखाली अक्षरांतही द्यावेत. ज्यांस ऐकू येत नाही त्यांची त्यामुळे सोय होते आणि गोंगाटात पाहणाऱ्यांचीही होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती व पाठ केल्याचे वर्ष अवश्य सांगावे, कारण आवृत्ती बदलली की कळा व याद्या जागा बदलतात, आणि कालचा खरा पाठ आज वाट चुकवू शकतो.

भाषेविषयी एक प्रश्न आमच्यांत बराच वेळ चर्चिला गेला. ‘फाइल’ म्हणावे की ‘धारिका’? ‘सेव्ह’ म्हणावे की ‘जतन’? आमच्यापैकी काहींस शुद्ध मराठी शब्दांचा आग्रह होता, आणि त्यामागील प्रेम आम्हांस मान्य आहे. पण आमच्या संगणकावरील याद्या इंग्रजीत आहेत. पाठात ‘धारिका’ हा शब्द आला, तर विद्यार्थी पडद्यावर धारिका शोधीत बसेल व ती त्यास सापडणार नाही. म्हणून आम्ही ठरविले की, पडद्यावर जो शब्द दिसतो तोच प्रथम उच्चारावा, आणि त्याचा अर्थ मराठीत लगेच सांगावा. लिब्रेऑफिसच्या याद्या मराठीतही करून घेता येतात. त्या ज्याने मराठीत केल्या असतील त्याच्यासाठी पाठही तसाच वेगळा हवा. भाषेचा अभिमान म्हणजे अवघड शब्दांचा संग्रह नव्हे. आपल्या भाषेत सांगितलेले आपल्या माणसास प्रथम ऐकताच कळावे, यातही अभिमान आहेच. महाराष्ट्रापासून दूर, हिंदीच्या शेजारी वाढलेल्या आम्हां मुलांस ही गोष्ट विशेष जाणवते. मराठी आम्ही घरी बोलतो, शाळेत वाचतो. परंतु जी भाषा यंत्रावर लिहिता येत नाही, ती पुढील पिढीच्या हातून हळूहळू सुटते.

पाठ तयार झाल्यावर त्याच्या शेवटी आम्ही एक सूचना जोडली. हा पाठ कोणीही पाहावा, दुसऱ्यास द्यावा, त्यात सुधारणा करावी. मात्र मूळ कर्त्यांचा उल्लेख ठेवावा आणि सुधारलेला पाठही इतरांस याच अटीवर द्यावा. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या परवान्यांपैकी एकाचा हा आशय आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलचे पाठही याच रीतीने खुले ठेवलेले आहेत. आमच्या पाठात अजूनही उणिवा असतील. कोणी त्या दुरुस्त केल्या, तर पाठ आमचा राहील आणि त्याचाही होईल.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वरलिपी पाहून कोणी गवई झाला नाही. कंठ तयार व्हावयास गुरूचा सहवास व स्वतःचा रियाज हवाच. तसेच या पाठांचे आहे. चित्रफीत पाहून मान डोलावणे म्हणजे शिकणे नव्हे. हात कळफलकावर गेले पाहिजेत, चुकले पाहिजेत आणि पुन्हा वळले पाहिजेत. पाठ गुरूची जागा घेत नाही. परंतु जेथे गुरू पोहोचत नाही, किंवा जेथून तो उठून गेला आहे, तेथे तो दिवा लावून ठेवतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांना आमची एवढीच विनंती की, तुम्हांस जे नुकतेच कळले असेल ते विसरण्यापूर्वी लिहून ठेवा. आपण कोठे अडलो होतो, हे नुकत्याच शिकलेल्यासच नीट आठवते. पुढे सराव झाला की ती अडचणच दिसेनाशी होते. मग ते चित्राचे सॉफ्टवेअर असो, गणिताचे असो, की आजीच्या फोनवर मराठी अक्षरे आणण्याची युक्ती असो. आणि पालकांना विनंती ही की, घरातील मुलगा वा मुलगी काही समजावून सांगू लागली, तर आपण नवखे होऊन ऐकावे आणि जेथे कळणार नाही तेथे निःसंकोच थांबवावे. त्या थांबविण्यातूनच चांगला पाठ तयार होतो.

या अंकाची सर्व पाने यंदा सातवी व आठवीतील तीन विद्यार्थ्यांनी जुळविली आहेत. ती जुळवीत असता त्यांनी आम्हांस एकदाही हाक मारली नाही. वाचकांनी हवे तर पाने उलटून पाहावीत. दऱ्या दऱ्यांच्या जागी आहेत आणि दर्या जेथे असावयास हवा तेथेच आहे. गावी गेलेल्या मित्रास आम्ही हा अंक टपालाने पाठवीत आहोत. पाठाच्या शेवटी ज्यांचे आभार मानले आहेत, त्यांत पहिले नाव त्याचे आहे.